विमानतळावरची झडती: कुणाच्या हातून, कुणासमोर, आणि नोंद किती दिवस

नाशिकच्या एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे. त्यांच्या आईच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आहे आणि त्या सिलिकॉनचा कृत्रिम स्तन लावतात. गेल्या प्रवासात एका विमानतळावर झडती घेणाऱ्या बाईंच्या हाताला काही वेगळं लागलं आणि त्यांनी मोठ्यानं विचारलं, "हे काय आहे?" पडदा अर्धा उघडा होता, रांगेतल्या बायकांनी ऐकलं. आता आई विमानाचं नाव काढू देत नाहीत, आणि नातू बघायला न्यू जर्सीला तर जायचं आहे. ताईंचे प्रश्न तीन: अंगाला हात लावून तपासणं खरंच गरजेचं आहे का? बॉडी स्कॅनर आले की हे थांबेल का? आणि डिजियात्रा, म्हणजे ओळखपत्राऐवजी कॅमेऱ्याला चेहरा दाखवून विमानतळात शिरायची सोय, घ्यावी का, त्यात आपला चेहरा नेमका जातो कुठे?

मी एका विमान कंपनीच्या सुरक्षा विभागात स्क्रीनर म्हणून लागले आणि नंतर बरीच वर्षं नव्या स्क्रीनर मुला-मुलींना शिकवलं. पडद्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी थोडक्यात. भारतात आज जी साधनं बहुतेक विमानतळांवर आहेत, त्यांच्यासह हाताची तपासणी टाळता येत नाही. मोठ्यानं विचारणं आणि अर्धा पडदा मात्र कुठल्याही नियमात नाही, त्यानं सुरक्षेत कणभरही भर पडत नाही. स्कॅनरमुळे हात कमी लागतील, पण तुमच्या आईंच्या बाबतीत स्कॅनर नेमकी तीच जागा दाखवील, तेव्हा त्याच्यावर फार आशा ठेवू नका. डिजियात्रेचा या झडतीशी काहीच संबंध नाही. तो वेगळा मामला आहे आणि माझ्या मते जास्त विचार करण्यासारखा आहे.

विमानतळावर तुम्हाला दोन प्रश्न विचारले जातात. तुमच्याजवळ काय आहे, आणि तुम्ही कोण आहात. पहिल्याचं उत्तर तुमचं नावही न विचारता मिळू शकतं. कात्री ही कात्रीच, ती कुणाच्याही पर्समध्ये असो. त्यात संकोच होतो, राग येतो, पण काम नीट झालं तर दोन मिनिटांत संपतं आणि मागे काही उरत नाही. दुसऱ्या प्रश्नात अंगाला कुणी बोटही लावत नाही. तिथे नोंद तयार होते आणि ती राहते. लोक पहिल्यावर चिडतात आणि दुसऱ्याला हसतमुखानं चेहरा दाखवतात. माझी सगळी तक्रार इथेच आहे.

आता हाताचं. ज्या चौकटीतून आपण चालत जातो, ती फक्त धातू ओळखते. जोडवी, पाटल्या, गुडघ्यातली स्टीलची वाटी यांना ती वाजेल, प्लॅस्टिक स्फोटकाला वाजणार नाही. २५ डिसेंबर २००९ रोजी ॲमस्टरडॅमहून डेट्रॉईटला निघालेल्या विमानात एका तरुणानं अंतर्वस्त्रात शिवलेलं पीईटीएन नावाचं स्फोटक पेटवायचा प्रयत्न केला. ते नीट पेटलं नाही आणि प्रवाशांनी त्याला धरलं, म्हणून विमान वाचलं. तो धातूच्या चौकटीतून सरळ चालत आला होता. त्या दिवसापासून जगभरच्या तपासणीचं लक्ष शरीराच्या त्याच भागांकडे गेलं जिथे हात लावणं सभ्य समाजात निषिद्ध आहे. लपवणाऱ्यालाही ते कळतं, म्हणून तो तिथेच लपवतो. तपासणाऱ्या पोरीला तिथे हात न्यायची हौस नसते हो. नव्या मुली पहिल्या आठवड्यात इतक्या अवघडतात की त्यांना समोरच्या बाईपेक्षा स्वतःचीच जास्त लाज वाटत असते. मग त्या घाईघाईनं, नजर चुकवून, काही न बोलता हात फिरवतात, आणि प्रवाशाला तो उद्धटपणा वाटतो.

भारतात चौकट वाजो न वाजो, प्रत्येकाची झडती होते. अमेरिकेत किंवा युरोपात बहुधा यंत्रानं खूण केली किंवा आकस्मिक निवडीत नंबर लागला तरच हात लागतो. आपल्याकडच्या या पद्धतीला इतिहास आहे. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेलं आयसी-८१४ हे विमान पळवून कंदाहारला नेलं गेलं. तोवर विमानतळांची राखण राज्यांचे पोलीस करत. फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून सुरुवात करून ती केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, म्हणजे सीआयएसएफकडे जाऊ लागली. नियम ठरवायचे नागरी विमान सुरक्षा ब्यूरोनं, म्हणजे बीसीएएसनं, आणि चौकीवर अंमल करायचा सीआयएसएफनं, अशी ती विभागणी. बीसीएएसचा जन्मही एका अपहरणातून झाला: १९७६ चं अपहरण, त्यानंतरची समिती, आधी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयातला एक कक्ष, आणि १९८७ पासून स्वतंत्र खातं.

सगळ्यांची झडती घेण्यात एक न्याय आहे, हे मला मान्य करावं लागतं. नाव, दाढी, पगडी, बुरखा पाहून कुणाला बाजूला काढायचं नाही. मंत्र्याच्या मेहुण्यानंही हात वर करायचे. पण मग सूट मिळणाऱ्यांची यादी आहे. राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, सरन्यायाधीश वगैरे पदांना तपासणीतून सूट असते. एप्रिल २००९ मध्ये दिल्लीत कॉन्टिनेंटल एअरलाइन्सच्या कर्मचाऱ्यांनी माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांची झडती घेतली. ते यादीत होते. जुलैत संसदेत गदारोळ झाला, कंपनीनं माफी मागितली. कलाम स्वतः मात्र रांगेत शांतपणे उभे राहिले होते. संसदेत त्या दिवशी जेवढा वेळ यावर गेला, त्याच्या चौथाई वेळ कृत्रिम पाय काढायला लागणाऱ्या साध्या प्रवाशांसाठी गेला असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

कारण त्या प्रवाशांची गोष्ट लोकांसमोर यायला ऑक्टोबर २०२१ उजाडावा लागला. नृत्यांगना आणि अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी एक छोटा व्हिडिओ टाकला. दर प्रवासात त्यांना कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो, स्फोटकाच्या स्वॅबची चाचणी करा म्हटलं तरी ऐकलं जात नाही, असं त्यांनी पंतप्रधानांनाच उद्देशून सांगितलं. सीआयएसएफनं माफी मागितली. पुढे डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं की माणसाची प्रतिष्ठा राखायची असेल तर तपासणीसाठी कृत्रिम अवयव काढायला लावू नये. कृत्रिम पायाच्या पोकळीत काही लपवता येतं, ही शंका खोटी नाही. ती फेडायला मात्र पाय काढावाच लागतो, हे खोटं आहे. कापडाची किंवा कागदाची छोटी पट्टी त्या पायावरून, बुटावरून, प्रवाशाच्या तळहातांवरून फिरवायची आणि ईटीडी, म्हणजे स्फोटकाचा माग काढणाऱ्या यंत्रात घालायची. स्फोटक हाताळलेल्या माणसाच्या हातावर, कपड्यावर त्याचे सूक्ष्म कण राहतात आणि यंत्र तेच शोधतं. काही सेकंदांत उत्तर येतं. प्रश्न त्याच जुन्या गोष्टीचा: यंत्र चौकीवर आहे का, चालू आहे का, आणि ते वापरायचं धाडस कनिष्ठ कर्मचाऱ्याला आहे का. वरिष्ठानं विचारलं तर "मी काढून बघितलं होतं साहेब" हे उत्तर सुरक्षित वाटतं. अपमान हा बहुतेक वेळा या भीतीतून होतो, संशयातून नाही.

तुमच्या आईंसारखीच घटना अमेरिकेतही घडली आहे. २०१० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट विमानतळावर कर्करोगातून बऱ्या झालेल्या एका हवाई कर्मचारी बाईंना कृत्रिम स्तन बाहेर काढून दाखवायला लावला होता. त्याच वर्षी डेट्रॉईटला मूत्राशयाच्या कर्करोगातून वाचलेल्या एका गृहस्थांची पोटावरची मूत्राची पिशवी झडतीत सैल झाली आणि कपडे भिजले. "जरा सांभाळून" म्हणून ते सांगत होते, कुणी ऐकलं नाही. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा विभागाच्या, टीएसएच्या, प्रमुखांनी त्यांची माफी मागितली. दोन्ही प्रसंगी लेखी नियम तसं करायला सांगत नव्हते.

आता स्कॅनर. याची गोष्ट मला सविस्तर सांगायची आहे, कारण "सुरक्षा हवी तर खाजगीपण सोडा" हा जो सौदा आपल्यापुढे ठेवला जातो तो किती पोकळ असतो, हे त्यातून दिसतं.

डेट्रॉईटच्या विमानातल्या त्या स्फोटकाच्या घटनेनंतर २०१० मध्ये अमेरिकेनं विमानतळांवर दोन प्रकारची यंत्रं झपाट्यानं बसवली. एक बॅकस्कॅटर, म्हणजे अतिशय क्षीण क्ष-किरण अंगावरून परावर्तित करून चित्र काढणारं. दुसरं मिलिमीटर लहरींचं: या लहरी कापडातून जातात, त्वचेवरून परततात, शरीराच्या आत शिरत नाहीत. दोन्ही प्रकारांत सुरुवातीला पडद्यावर माणसाचं जवळजवळ विवस्त्र शरीर दिसे. लोक भडकले. अधिकारी सांगत, चित्र बघणारा दुसऱ्या खोलीत असतो, त्याला तुमचा चेहरा दिसत नाही, चित्र साठवलं जात नाही, साठवताच येत नाही.

मग दोन गोष्टी बाहेर आल्या. खाजगीपणासाठी लढणाऱ्या एपिक या संस्थेनं माहितीच्या कायद्याखाली टीएसएची खरेदीची कागदपत्रं मिळवली. त्यांत लिहिलं होतं की चाचणीच्या स्थितीत यंत्राला चित्र साठवता आणि पाठवता आलं पाहिजे. म्हणजे क्षमता होती, विमानतळावर ती बंद ठेवली होती. आणि ऑगस्ट २०१० मध्ये उघड झालं की फ्लोरिडातल्या एका न्यायालयाच्या दारावरच्या तशाच जातीच्या यंत्रानं सुमारे पस्तीस हजार चित्रं साठवून ठेवली होती. त्यांतली काही नोव्हेंबरात इंटरनेटवर छापूनही आली. ती चित्रं धूसर होती, विमानतळावरची नव्हती, हे खरं. पण "साठवता येत नाही" या वाक्यावरचा विश्वास त्या दिवशी संपला. तेव्हापासून मी शिकवताना एकच सांगत आले: कुठल्याही यंत्राबद्दल धोरण काय म्हणतं ते नंतर वाचा, आधी यंत्राला काय करता येतं ते विचारा.

एपिक न्यायालयात गेली. जुलै २०११ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं स्कॅनर घटनाबाह्य ठरवले नाहीत, पण लोकांची मतं न मागवता ते बसवले याबद्दल टीएसएला कानपिचक्या दिल्या. त्याच वर्षी युरोपीय संघानं वेगळा रस्ता धरला: स्कॅनर वापरा, पण क्ष-किरणांचे नकोत, चित्र साठवायचं नाही, आणि प्रवाशाला नको असेल तर दुसऱ्या पद्धतीनं तपासा. मग अमेरिकी काँग्रेसनं कायदाच केला: चित्र दाखवायचं नाही, सॉफ्टवेअरनं फक्त संशयाची जागा दाखवायची, एका ठरावीक बाहुलीच्या आकृतीवर. मिलिमीटर यंत्रांना ते जमलं. बॅकस्कॅटर बनवणाऱ्या कंपनीला मुदतीत जमलं नाही, आणि मे २०१३ पर्यंत ती यंत्रं विमानतळांवरून उचलली गेली.

म्हणजे काय झालं बघा. "विवस्त्र चित्र बघितल्याशिवाय बॉम्ब सापडणार नाही" असं तीन वर्षं सांगितलं जात होतं. लोकांनी नाही म्हटल्यावर, कायद्यानं तारीख घातल्यावर, तेच काम बाहुलीवरच्या पिवळ्या चौकोनानं होऊ लागलं. सुरक्षा कमी झाली नाही. पहिल्यापासून तसं करता आलं असतं, फक्त कुणी भाग पाडलं नव्हतं. आणि ती सगळी यंत्रं, सगळे हात असूनही २०१५ मध्ये बाहेर आलेल्या अंतर्गत चाचण्यांत वेशांतर केलेल्या तपासनीसांनी सत्तरपैकी सदुसष्ट वेळा बनावट शस्त्रं किंवा स्फोटकं चौकीच्या पार नेली होती. जास्त उघडं केलं की जास्त सापडतं, हे गृहीतच तपासून बघावं असं आहे.

बाहुलीच्या यंत्रालाही स्वतःचे पूर्वग्रह आहेत. ते अंगाचा एक "नेहमीचा" आकार धरून चालतं. अमेरिकेत बराच काळ तपासनीस प्रवाशाकडे बघून पुरुष की स्त्री असं बटण दाबत असे, आणि ट्रान्सजेंडर प्रवाशांच्या बाबतीत यंत्र हमखास नको त्या जागी खूण करी. ते बटण काढून टाकणारं सॉफ्टवेअर आणायचं २०२२ मध्ये जाहीर झालं. आपल्याकडे अडचण साडीची. पदराचे थर, निऱ्यांचा गठ्ठा, खांद्यावरची पिन, अंबाड्यातले आकडे. यंत्राला वाटतं इथे काहीतरी जाड आहे, आणि मग पुन्हा हाताची तपासणी आलीच. मी नऊवारीचं नावच घेत नाही. डिसेंबर २०१० मध्ये भारताच्या अमेरिकेतल्या राजदूत मीरा शंकर यांना मिसिसिपीतल्या जॅक्सन विमानतळावर रांगेतून बाजूला घेऊन चारचौघांत झडती घेतली गेली. त्यांनी साडी नेसली होती, हेच काय ते वेगळेपण. भारतानं निषेध नोंदवला. परराष्ट्रमंत्र्यांना जो संताप आला तो योग्यच होता, पण सांगलीहून मुलीकडे निघालेल्या आजींसाठी तो कुणाला येत नाही.

बीसीएएसनं एप्रिल २०१९ मध्ये देशातल्या ८४ विमानतळांवर बॉडी स्कॅनर बसवण्याचा आदेश काढला. त्यात बाहुलीचीच आकृती दिसावी अशी अट होती, म्हणजे अमेरिकेची तीन वर्षांची फी आपण भरायची नव्हती. वेळापत्रक मात्र कोलमडलं, आणि २०२५ मध्येही दिल्लीला नव्या स्कॅनरच्या चाचण्याच सुरू होत्या. ते आले की गुडघ्याची वाटी, पेसमेकर, पायातली सळई असलेल्यांचे हाल बरेच कमी होतील, कारण मिलिमीटर लहरींना शरीराच्या आतलं दिसतच नाही. कृत्रिम स्तन मात्र त्वचेच्या बाहेर असतो. तो दिसू शकतो. मग बाहुलीच्या छातीवर चौकोन येईल आणि तेवढ्याच जागेची तपासणी होईल. सगळ्या अंगापेक्षा ती बरी, पण शून्य नाही.

बॅगेचं दोन ओळीत. मॉनिटरवर सेंद्रिय वस्तू नारिंगी, धातू निळे आणि मधलं काही हिरवं दिसतं. स्क्रीनरला तुमचे कपडे दिसत नाहीत, आकार आणि घनता दिसते. शिवाय यंत्र अधूनमधून खोट्या बॉम्बचं चित्र खऱ्या बॅगेत मिसळून स्क्रीनर जागा आहे का ते पाहतं, त्यामुळे तुमच्या औषधांच्या डब्याकडे बघत बसायला त्याला फुरसत नसते. बॅग उघडायची तर तुमच्यासमोरच उघडली पाहिजे. पण सगळ्या रांगेसमोर उघडायला हवी असं नाही. "जरा बाजूला उघडता का?" असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

आता तो दुसरा प्रश्न: तुम्ही कोण.

डिजियात्रा १ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बेंगळुरू आणि वाराणसीत सुरू झाली, पुढच्या वर्षी पुण्यात आणि मुंबईतही आली. ॲपवर आधार जोडायचं, सेल्फी काढायचा, बोर्डिंग पास चढवायचा. मग प्रवेशदारावर आणि तपासणीच्या तोंडाशी कॅमेरा चेहरा ओळखून दार उघडतो. माहिती तुमच्या फोनवर राहते, प्रवासाआधी त्या विमानतळाकडे जाते आणि उड्डाणानंतर चोवीस तासांत पुसली जाते, असं सांगितलं जातं. रचना म्हणून ही वाईट नाही. एका मोठ्या कोठारात सगळ्यांचे चेहरे भरण्यापेक्षा पुष्कळ बरी.

तरी माझे आक्षेप आहेत. डिजियात्रेच्या धोरणातच सुरक्षेच्या गरजेनुसार पुसण्याची मुदत बदलण्याची सोय ठेवलेली आहे. म्हणजे पुन्हा तेच: क्षमता आहे, सध्या बंद आहे. चालवणारी डिजियात्रा फाउंडेशन ही ना-नफा कंपनी आहे. तिच्यात एअरपोर्ट ॲथॉरिटीचा वाटा २६ टक्के, बाकीचा पाच विमानतळ कंपन्यांकडे. सरकारी योजना समजून आपण चेहरा देतो, पण समोर कंपनी असते. आणि ऐच्छिक असूनही दारावर उभे असलेले पोरगे "मॅडम, इकडे बघा" म्हणत, न विचारता नोंदणी करून टाकतात अशा तक्रारी वारंवार आल्या. घाईतल्या माणसाची संमती ही संमती नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खाजगीपण हा मूलभूत अधिकार ठरवला आणि कसोटी घातली: कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा, आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा. हाताची झडती या कसोटीत बसते. तिचा हेतू स्फोटक शोधण्याचा आहे आणि दोन मिनिटांत ती संपते. चेहऱ्याच्या ओळखीचा हेतू मला रांग कमी करण्याचा दिसतो. सोय म्हणून ती घ्यायला हरकत नाही, पण तिला सुरक्षेचं नाव देऊ नये. ओळखपत्र दाखवून आत जायचा जुना दरवाजा चालू आहे, आणि तुमच्या आईंनी तोच वापरावा. त्यांच्या अडचणीत डिजियात्रा काडीची मदत करणार नाही. चेहरा ओळखून दार उघडलं तरी आत झडती तीच. शिवाय ती देशांतर्गत प्रवासासाठी आहे, न्यू जर्सीला उपयोग नाही.

न्यू जर्सीच्या प्रवासात एक नोंद तुम्हाला दिसणारही नाही. ऑगस्ट २०२२ च्या नियमांनुसार आंतरराष्ट्रीय विमान कंपन्यांनी प्रवाशांची आरक्षणाची माहिती सीमाशुल्क खात्याला उड्डाणाच्या चोवीस तास आधी द्यायची आहे: नाव, संपर्क, पैसे कसे भरले, सामान, कुणाबरोबर प्रवास, वगैरे. ती पाच वर्षं ठेवता येते. युरोपात अशाच कायद्यावर जून २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सरसकट पाच वर्षं सगळ्यांची माहिती ठेवायला हरकत घेतली. आपल्याकडे याबद्दल चौकीवर भांडताना मी कुणाला पाहिलं नाही. भांडणं असतात ती लायटर आणि लोणच्याच्या बरणीवरून. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आला आहे, पण त्याच्या सतराव्या कलमात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट मोकळी आहे.

या माहितीच्या डोंगरातून बॉम्बवाला सापडतो का? अमेरिकेनं माणसाच्या हावभावावरून संशयित ओळखण्याचा मोठा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालवला. २०१३ मध्ये त्यांच्याच लेखापरीक्षकांनी म्हटलं की हे काम करतं याचा पुरावा नाही. याउलट कनिष्क आठवा. २३ जून १९८५, एअर इंडियाचं १८२ क्रमांकाचं विमान, ३२९ माणसं गेली. बॉम्ब ज्या बॅगेत होता ती व्हँकुव्हरला चढवली गेली आणि तिचा मालक विमानात चढलाच नाही. टोरांटोत बॅगा तपासणारं क्ष-किरण यंत्र त्या दिवशी बंद पडलं होतं. त्यातून जो नियम पक्का झाला तो साधा: प्रवासी चढला नाही तर त्याची बॅग उतरवा. या नियमाला कुणाचं अंग बघावं लागत नाही, कुणाचा चेहरा साठवावा लागत नाही. वैमानिकांच्या खोलीचं मजबूत दार हेही तसंच. माझ्या मते गेल्या चाळीस वर्षांतले सर्वांत चांगले दोन उपाय हे आहेत, आणि दोन्हींचा प्रवाशाला पत्ताही लागत नाही.

आता आईंसाठी कामाचं. डॉक्टरांचं एका पानाचं पत्र इंग्रजीत घ्या, शस्त्रक्रिया आणि कृत्रिम स्तनाचा उल्लेख असलेलं. पत्रानं झडती टळत नाही, पण बोलावं लागत नाही. महिलांच्या रांगेत नंबर आला की तपासणी सुरू होण्याआधीच ते हातात द्यायचं. हात लागल्यावर सांगितलं तर समोरची दचकते. आधी सांगितलं तर तीही सैल होते. मग शांतपणे तीन गोष्टी मागायच्या: बंद खोलीत तपासणी, तपासणारी बाई आणि तुमच्यापैकी एक स्त्री सोबत, आणि नवे हातमोजे. कृत्रिम स्तन काढायला सांगितला तर "स्वॅब घ्या, काढणार नाही" एवढं म्हणायचं आणि शिफ्टच्या वरिष्ठांना बोलवायला सांगायचं. आवाज चढवू नका. वरिष्ठ आले की जबाबदारी त्यांच्याकडे जाते आणि त्या मुलीची भीती संपते. झडतीच नको असं मात्र म्हणता येणार नाही. मग विमानात चढता येत नाही.

व्हीलचेअर आधीच मागून ठेवा, चालता येत असलं तरी. सोबत मदतनीस असतो, घाई होत नाही, आणि खोली मिळणं सोपं जातं. मुंबईहून अमेरिकेच्या विमानाला गेटजवळ पुन्हा एकदा तपासणी होऊ शकते, हे आईंना आधी सांगून ठेवा, म्हणजे दुसऱ्यांदा हात लागला की त्या घाबरणार नाहीत. परतीच्या प्रवासासाठी टीएसएची आजारी आणि अपंग प्रवाशांसाठी टीएसए केअर्स नावाची मदतसेवा आहे. आईंच्या तिकडच्या मुलाला प्रवासाच्या ७२ तास आधी तिथे फोन करायला सांगा. तिथे स्कॅनर असेल; नको असेल तर त्याऐवजी हाताची तपासणी मागता येते, खाजगी खोलीत आणि सोबत घरचं माणूस घेऊन. आईंना कुठलं कमी अवघड वाटतं ते त्यांनाच ठरवू द्या, मुलानं नको.

आणि मागच्या प्रकाराची तक्रार सरकारच्या एअरसेवा या तक्रारींच्या पोर्टलवर अजूनही करा. "वाईट वागणूक" एवढंच लिहिलं तर छापील उत्तर येतं. तारीख, साधारण वेळ, कुठल्या टर्मिनलची कितवी रांग, पडदा उघडा होता आणि प्रश्न मोठ्यानं विचारला, इतकं नेमकं लिहा. पडद्याच्या आत कॅमेरा नसतो, पण बाहेरच्या चित्रणात पडदा कसा होता आणि कोण ड्यूटीवर होतं ते दिसतं. ते चित्रण कायम ठेवलं जात नाही, तेव्हा यापुढे असं काही झालं तर घरी पोचायची वाट न बघता गेटवर बसल्या बसल्याच तक्रार टाका.